शब्दकोड्याची रचना : कोडेकार, मूल आणि वऱ्हाडी बोली

प्रस्तावना

लोकसाहित्याचा अभ्यास करताना म्हणी, उखाणे आणि कोडी यांचा परिचय तुम्हांला झालेला असेल. त्याच कुळातील, परंतु छापखान्यात जन्मलेल्या एका प्रकाराचा विचार प्रस्तुत घटकात करावयाचा आहे. तो प्रकार म्हणजे शब्दकोडे. वर्तमानपत्र येणाऱ्या घरात ते रोज येते, सकाळच्या चहाबरोबर सुटते किंवा अर्धवट राहून रद्दीत जाते. त्यामुळे ते कोणी तरी बसून रचलेले असते, ही गोष्टच आपल्या ध्यानात येत नाही. त्याखाली बहुधा रचणाऱ्याचे नाव नसते. असले तरी ते आपण वाचत नाही.

तुमच्यापैकी अनेक जण शिक्षक, अंगणवाडी सेविका किंवा पालक आहेत. मुलांसाठी शब्दकोडे तयार करण्याचा प्रसंग तुमच्यावर आला असेल किंवा पुढे येईल. ते काम वाटते तितके सोपे नाही. अमरावती-अकोल्याकडच्या मुलांसाठी तर त्यात एक खास अडचण आहे. त्या अडचणीपर्यंत पोहोचण्यापूर्वी कोडेकार नेमके काय करतो, हे समजून घेऊ.

लपवणे आणि सापडू देणे

कोडे घालण्याची आपली परंपरा जुनी आहे. वात्स्यायनाच्या चौसष्ट कलांच्या यादीत ‘प्रहेलिका’ ही एक कला आहे. दंडीने ‘काव्यादर्शा’च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकेचे सोळा प्रकार सांगितले आहेत. ज्या कोड्याचे उत्तर श्लोकातच दडलेले असते ती अंतर्लापिका आणि ज्याचे उत्तर बाहेरून आणावे लागते ती बहिर्लापिका, असाही एक भेद संस्कृतात केला जातो. आजच्या शब्दकोड्यात या दोन्ही तऱ्हांची सूत्रे आढळतात, हे पुढील उदाहरणांवरून दिसेल. मराठीत अक्षरांच्या खेळाचा सर्वांत मोठा हौशी कारागीर म्हणजे मोरोपंत (१७२९–१७९४). ओठ न मिटता उच्चारता येतील अशाच अक्षरांचे ‘निरोष्ठ रामायण’ आणि ‘परंतु’ हा शब्द गुंफत नेणारे ‘परंतु रामायण’ त्यांनी रचले. काव्य म्हणून या रचनांची किंमत काय, याविषयी मतभेद होऊ शकतात. पण स्वतःवर घातलेल्या बंधनात भाषा कुठपर्यंत वाकते, हे पाहण्याची ती जिद्द आणि शब्दकोडे रचणाऱ्याची जिद्द एकाच जातीची आहे.

वऱ्हाडात अक्षरे लपवण्याचे आणखी एक मोठे उदाहरण आहे. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे गोविंदप्रभूंचे स्थान. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ तेथे सिद्ध केले. आज तेथे मराठी भाषा विद्यापीठ आहे. पुढे महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी, अंक, वज्र अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. सकळ लिपीचे श्रेय परंपरेने रवळोबासांना दिले जाते. या लिप्यांची किल्ली पंथाबाहेरच्यांना मिळाली ती विसाव्या शतकाच्या आरंभी, इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांच्या परिश्रमाने.

सांकेतिक लिपी आणि कोडे यांत मात्र मूलभूत फरक आहे. सांकेतिक लिपीचा हेतू असा की, अनधिकारी वाचकाला अर्थ कधीही सापडू नये. कोड्याचा हेतू असा की, थोड्या विलंबाने का होईना, अर्थ सापडलाच पाहिजे. जे कोडे कोणालाच सुटत नाही ते फसलेले कोडे होय. कोडेकार हा आपले गुपित उघडे पडावे म्हणूनच ते रचणारा लेखक आहे. या घटकातील पुढचे सर्व विवेचन या एका विधानावर आधारलेले आहे.

घरातला कोडेकार : भुलाबाईचा खाऊ

ही वृत्ती वऱ्हाडातील मुलींना शिकवावी लागत नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाईची गाणी होतात. गाणी संपली की खाऊ ओळखण्याचा कार्यक्रम असतो. ज्या घरी भुलाबाई असते तेथील मुलगी झाकलेला डबा कानाशी हलवून दाखवते आणि बाकीच्या आवाजावरून अंदाज बांधतात. गोड की तिखट? तळलेले की भाजलेले? घरचे की विकतचे? प्रत्येक प्रश्नाला खरे उत्तर द्यावे लागते, हा अलिखित नियम. कोणालाच ओळखता येणार नाही असा पदार्थ शोधण्यासाठी ती मुलगी आणि तिची आई दोन दिवस डोके चालवतात. पण शेवटी डबा उघडतो आणि खाऊ सर्वांनाच मिळतो. हरलेल्यांनाही.

शब्दकोड्याचे सारे नीतिशास्त्र या डब्यात आहे. उत्तर झाकलेले असावे. खूण खरी असावी. प्रश्न विचारत विचारत उत्तराभोवतीचे वर्तुळ लहान करता यावे. आणि डबा उघडल्यावर ‘अरे, हे तर आपल्याला ठाऊकच होते’ असे वाटावे. चारोळीचा डबा वाजवून ‘हे तळलेले आहे’ असे सांगणाऱ्या मुलीच्या घरी पुढच्या वर्षी कोणी अंदाज बांधायला जाणार नाही.

‘उखाणा’ हा शब्दही येथे लक्षात घ्यावा. त्याची व्युत्पत्ती ‘उपाख्यान’ अशी दिली जाते. पूर्वी उखाणा म्हणजे कोडे. आज बहुतेकांच्या मनात उखाणा म्हणजे नाव घेणे. मात्र नाव घेतानाही ते लगेच न सांगता दोन ओळी फिरवून शेवटी उघड केले जाते, म्हणजे मूळचा लपवाछपवीचा धागा तुटलेला नाही.

छापील शब्दकोडे आणि त्याचे कर्ते

आडव्या-उभ्या चौकटीचे शब्दकोडे मात्र आपल्याकडचे नव्हे. लिव्हरपूल येथे जन्मलेले आर्थर विन यांनी २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या पत्राच्या रविवारच्या पुरवणीत हिऱ्याच्या आकाराचे पहिले कोडे छापले. ते पुरवणीची रिकामी जागा भरण्यासाठी केलेले काम होते. १९२४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये कोड्यांचे पहिले पुस्तक निघाले, १९३० मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’नेही कोडे सुरू केले आणि मग ही चौकट जगभरच्या भाषांत शिरली.

या कोडेकारांची चरित्रे पाहिली तर एक गोष्ट ठळकपणे दिसते : त्यांतील बरेच जण मूळचे शिक्षक होते. ‘झिमेनेझ’ या टोपणनावाने लिहिणारे मॅकनट हे अभिजात भाषा शिकवत. ‘ॲरॉकेरिया’ या नावाने १९५८ पासून ‘गार्डियन’साठी कोडी रचणारे जॉन ग्रॅहम हे धर्मोपदेशक होते. जानेवारी २०१३ मध्ये, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, आपल्याला कर्करोग झाल्याचे त्यांनी वाचकांना कळवले ते शब्दकोड्याच्या उत्तरांतून. वाचकांनी चौकट भरत भरत ती बातमी स्वतःच्या हाताने लिहून काढली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते वारले.

आपल्या विषयाशी सर्वांत जवळची कथा लेनर्ड डॉ या मुख्याध्यापकांची आहे. ते लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’साठी कोडी रचत. दुसऱ्या महायुद्धात त्यांची शाळा लंडनबाहेर सरे परगण्यात हलवण्यात आली होती. मे १९४४ मध्ये आणि जूनच्या आरंभी त्यांच्या कोड्यांत यूटा, ओमाहा, ओव्हरलॉर्ड, मलबेरी, नेपच्यून अशी उत्तरे आली. हे सर्व ६ जूनच्या नॉर्मंडीवरील चढाईचे गुप्त संकेतशब्द होते! हेरखात्याने त्यांची चौकशी केली. दोष काही निघाला नाही. चाळीस वर्षांनी, १९८४ मध्ये, त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याने खुलासा केला. डॉ गुरुजी रिकाम्या चौकटी मुलांसमोर ठेवत, मुले त्यांत सुचतील ते शब्द भरत आणि त्या शब्दांसाठी सूत्रे लिहिण्याचे काम गुरुजी स्वतः करत. शाळेजवळ सैनिकांचे तळ होते. त्यांच्या बोलण्यातून कानावर पडलेले शब्द मुलांनी चौकटीत घातले होते.

हेरगिरीचा भाग बाजूला ठेवू. अध्यापनाच्या दृष्टीने येथे महत्त्वाची आहे ती कामाची वाटणी : शब्द मुलांचे, सूत्र गुरुजींचे. आपण सहसा नेमके उलट करतो. शब्द आपण ठरवतो आणि मुलांनी ते ओळखावेत अशी अपेक्षा धरतो.

मराठीत कोश आणि बालवाचन या दोन टोकांना जोडणारे नाव वा. गो. आपटे (१८७१–१९३०) यांचे. १९०६ मध्ये ‘आनंद’ हे मुलांचे मासिक त्यांनी काढले. ‘शब्दरत्नाकर’ हा शब्दकोश आणि ‘मराठी भाषेचे संप्रदाय व म्हणी’ हा ग्रंथही त्यांचाच. मुलांसाठी लिहिणाऱ्याचा हात कोशावर असला पाहिजे, हे सांगायला एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

एका घरात एक अक्षर

आता रचनेकडे वळू. इंग्रजी कोड्याच्या एका घरात एक वर्ण बसतो. मराठी कोड्याच्या घरात एक पूर्ण अक्षर बसते. ‘स्त्री’ या शब्दाला एकच घर लागते. ‘अमरावती’ रोमन लिपीत आठ घरे अडवील, देवनागरीत पाचच. ‘चिखलदरा’ अकराऐवजी पाच. मराठी शब्द असे आखूड होतात, म्हणून आपल्या कोड्यांत दोन ते चार घरांच्या शब्दांची गर्दी असते.

दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. इंग्रजीत घरात येऊ शकणारे पर्याय सव्वीस. मराठीत प्रत्येक व्यंजनाची बाराखडी धरली तरी चारशेच्या आसपास पर्याय होतात, जोडाक्षरे वेगळीच. त्यामुळे आडवा आणि उभा शब्द एकाच घरात जुळवणे कोडेकाराला फार अवघड जाते. पण सोडवणाऱ्याचा त्यात फायदा आहे. एका घरात ‘रा’ मिळाला की व्यंजन आणि स्वर दोन्ही हाती येतात. म्हणून मराठी कोड्यात छेद कमी असले तरी ते न्याय्य राहू शकते. इंग्रजी चौकट जशीच्या तशी उचलून तीत मराठी शब्द कोंबणाऱ्याची दमछाक होते ती यामुळेच.

कागदावर पाच घरांची आडवी ओळ आखा आणि तीत ‘अमरावती’ लिहा : अ, म, रा, व, ती. पहिल्या घरातून खाली ‘अकोला’ उतरतो. तिसऱ्या घरात वरून खाली येणारा ‘चिखलदरा’ संपतो. चौथ्यातून ‘वखर’ खाली जातो आणि पाचव्यातून ‘तीळ’. आता दुसऱ्या ओळीकडे पाहा. ‘वखर’मधील ‘ख’ आणि ‘तीळ’मधील ‘ळ’ शेजारी शेजारी आले आहेत. म्हणजे तेथे आपोआप एक आडवा शब्द तयार झाला, आणि तो अर्थपूर्ण असलाच पाहिजे. सुदैवाने ‘खळ’ हा चांगला मराठी शब्द आहे. येथे ‘ळ’ऐवजी ‘ट’ आला असता, म्हणजे पाचव्या घराखाली ‘तीट’ घेतली असती, तर ‘खट’ असे काही तरी उरले असते आणि आपल्याला सर्व पुसून पुन्हा सुरुवात करावी लागली असती. कोडेकाराचा बहुतेक वेळ खोडरबरात जातो, सूत्रांत नव्हे.

काही अक्षरे स्वभावतः अडून बसतात. ‘ळ’ आणि ‘ण’ यांनी मराठी शब्दाची सुरुवात होत नाही. अकोला जिल्ह्यातील ‘नरनाळा’ हा किल्ला आडवा घेतला तर शेवटच्या ‘ळा’तून खाली जाणारा शब्द निघणारच नाही, ‘शाळा’, ‘उन्हाळा’, ‘मावळा’ असा वरून येऊन तेथे संपणारा शब्दच शोधावा लागेल. ‘ऱ्हा’ हे तर त्याहून दुर्मीळ. पण ‘वऱ्हाड’ मधल्या घरात ‘पऱ्हाटी’ला छेदतो, हे ज्याला प्रथम सुचेल त्याला त्या दिवशी दुसरे काही सुचले नाही तरी चालेल. ‘कुऱ्हाड’, ‘बिऱ्हाड’, ‘गुऱ्हाळ’ ही त्याच घरातली आणखी भावंडे.

लेखनाचे नियमही येथे आडवे येतात. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांनुसार शब्दाच्या अखेरचा इकार-उकार दीर्घ लिहितात, पण तत्सम शब्द समासात पूर्वपदी आला की मूळचा ऱ्हस्व परत येतो. ‘कवी’ हा शब्द ज्या घरात ‘वी’ मागतो, त्याच घरात ‘कविता’ किंवा ‘कविमन’ ‘वि’ मागतात. कित्येक कोडेकार वेलांटीचा हा भेद सोडून देतात. तशी सवलत घेणे गैर नाही. मात्र ती कोड्याच्या डोक्यावर स्पष्टपणे सांगितलेली असावी. वेलांटीत सवलत दिली म्हणून काना सोडता येत नाही. ‘अमरावती’च्या घरांतून मुले ‘अमर’ शोधून काढतात. पण त्या शब्दात ‘र’ नाहीच, ‘रा’ आहे. ‘राव’ आणि ‘मती’ मात्र आहेत. वर्ण आणि अक्षर यांतील फरक समजावून देण्यासाठी याहून सोपा पाठ आढळणार नाही.

शोधसूत्र

उत्तराकडे नेणाऱ्या वाक्याला आपण शोधसूत्र म्हणू. सूत्राचा पहिला गुण व्याकरणाचा : सूत्र आणि उत्तर यांचे वचन, लिंग आणि शब्दजात जुळली पाहिजे. सूत्र अनेकवचनी असेल तर उत्तरही अनेकवचनी हवे. सूत्र क्रियापदाचे असेल तर उत्तर नाम असता कामा नये. दुसरा गुण प्रामाणिकपणाचा. सूत्राने वाचकाला चकवावे, पण वाक्य शब्दशः खरे असावे. मॅकनट यांच्या परंपरेने तर असा दंडक घातला की, सूत्रात नेमकी व्याख्या असावी, शब्दखेळाची न्याय्य खूण असावी आणि या दोहोंपलीकडे एकही शब्द नसावा.

वरच्या चौकटीसाठी काही सूत्रे लिहून पाहू. ‘अमरावती’ : इंद्राची राजधानी, अंबादेवीचे शहर (५). ही दुहेरी व्याख्या झाली. पुराण ठाऊक असलेल्याला एका दाराने आणि भूगोल ठाऊक असलेल्याला दुसऱ्या दाराने आत येता येते. ‘चिखलदरा’ : पावसाची राड खिंडीला लागली की उन्हाळा सुसह्य होतो (५). येथे ‘चिखल’ आणि ‘दरा’ असे दोन तुकडे सूत्रातच दिले आहेत, म्हणजे ही अंतर्लापिकाच. ‘खळ’ : पतंग चिकटवणारा दुर्जन (२). ‘तीळ’ : संक्रांतीला गुळाचा सोबती, एरवी गालावरचा ठिपका (२). आणि ‘वऱ्हाड’ : नवरदेवाबरोबर निघालेला प्रदेश (३).

लोककोडे आणि शोधसूत्र यांतील अंतर एकाच वस्तूवरून दाखवता येईल. ‘एका तोंडाने घेते, तीन पायांनी देते’ असे म्हटले तर ते कोडे झाले. चाड्यात पडणारे बी आणि तीन दात्यांतून जमिनीत उतरणारे बी पाहिलेले मूल ‘तिफण’ म्हणून ओरडेल. ‘पेरणीचे तीन दात्यांचे औजार (३)’ हे सूत्र झाले. पहिल्यात वस्तूचे चित्र आहे, दुसऱ्यात वर्ग आणि विशेष सांगणारी कोशातली व्याख्या आहे. मुलांना दोन्ही लिहिता आले पाहिजे, कारण एकाने कविता समजते आणि दुसऱ्याने निबंध लिहिता येतो.

अप्रामाणिक सूत्राचे काय होते, हे आपल्या राज्याच्या इतिहासात नोंदलेले आहे. स्वातंत्र्याच्या आगेमागे प्रवेशशुल्क घेऊन मोठमोठी बक्षिसे देणाऱ्या शब्दकोडे-स्पर्धांचा मोठा धंदा झाला होता. त्यांतील सूत्राला दोन-दोन, तीन-तीन शब्द सारखेच लागू पडत; बरोबर कोणता, तर आयोजकाने आधीच मोहोरबंद करून ठेवलेल्या उत्तराशी जुळेल तो. मुंबई राज्याने १९४८ मध्ये अशा स्पर्धांवर नियंत्रण आणि कर आणला. १९५५ च्या केंद्रीय कायद्याने महिन्याला एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसे आणि दोन हजारांहून अधिक प्रवेशपत्रे यांना बंदी घातली. आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या खटल्यांत १९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असल्या स्पर्धा जुगारात मोडतात, त्यांना व्यापाराच्या स्वातंत्र्याचे संरक्षण नाही, असा निर्णय दिला. न्यायालयापुढचा प्रश्न कायद्याचा होता. पण कौशल्य कुठे संपते आणि नशीब कुठे सुरू होते, हा त्यातला भेद कोडेकाराच्याही उपयोगाचा आहे. एका सूत्राला दोन उत्तरे बसत असतील आणि छेदणारे अक्षर त्यांतून निवड करून देत नसेल, तर आपण कोडे घातलेले नसून चिठ्ठी टाकलेली आहे.

‘तीळ’ की ‘तीय’?

आता त्या खास अडचणीकडे येऊ. अंजनगावच्या किंवा बार्शीटाकळीच्या शाळेतील तिसरी-चौथीचे मूल वरील चौकट भरण्यास बसले आहे असे समजा. ‘तीळ’चे सूत्र त्याला चटकन समजते आणि ते लिहिते : ती, य. वऱ्हाडीत ‘ळ’च्या जागी ‘य’ उच्चारण्याची रीत सर्वपरिचित आहे. डोळा म्हणजे डोया, काळजी म्हणजे कायजी, फळ म्हणजे फय. तसाच ‘ण’चा ‘न’ होतो. पाणी ‘पानी’ होते.

अशा वेळी उभ्या-आडव्यांची जुळणी मुलाची चूक दाखवून देईल, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात तसे घडत नाही. ‘तीय’ लिहिणारे मूल आडव्या ओळीत ‘खय’ वाचते, आणि त्याच्या कानाला ते बरोबरच वाटते. ‘पाणी’ आणि ‘पेरणी’ एकमेकांना छेदतात तेथे ‘पानी’ आणि ‘पेरनी’ही तितक्याच नीटपणे छेदतात. बोलीतील ध्वनिबदल नियमित असतो. तो आडव्या शब्दाला लागू होतो तसा उभ्यालाही होतो. म्हणून सगळी चौकट वऱ्हाडीत भरली तरी ती आतून सुसंगत राहते. भाषाविज्ञानात बोलीला स्वतःचे व्याकरण असते असे आपण वाचतो. येथे ते चौकटीत डोळ्यांनी दिसते. अडचण काही मोजक्याच ठिकाणी येते, उदाहरणार्थ ‘काळ’ आणि प्रश्नार्थक ‘काय’ एकाच रूपात आले की.

त्या मुलाने सूत्र अचूक सोडवलेले असते. अर्थ त्याला सापडलेला असतो. डबा उघडण्याच्या क्षणी मात्र त्याला सांगितले जाते की हा खाऊ तुझा नाही. लाल शाईची अशी दोन-तीन वर्तुळे पडली की मूल त्या वर्गात घरचा शब्द आणणे बंद करते. प्रमाणलेखन शिकवू नये असा याचा अर्थ मुळीच नाही. परीक्षा, अर्ज, कचेरी यांची भाषा प्रमाण आहे आणि ती त्या मुलाला आली नाही तर नुकसान त्याचेच आहे. आक्षेप आहे तो न सांगितलेल्या नियमावर. वेलांटीची सवलत जशी कोड्याच्या डोक्यावर लिहावयाची, तसेच हेही लिहावे : ‘या कोड्यातील शब्द पुस्तकातल्याप्रमाणे लिहा’ किंवा ‘या कोड्यातील शब्द घरी बोलतो तसे लिहा’. दोन्ही प्रकारची कोडी आलटून पालटून दिली तर मूल दोन रूपे वेगवेगळी ओळखू लागते. प्रस्तुत लेखकाच्या मते ‘ळ’चे लेखन शिकवण्याचा हा सुधारून आणलेल्या वहीपेक्षा बरा मार्ग आहे, कारण येथे मूल दोन रूपांची तुलना स्वतः करते.

डॉ गुरुजींची रीत आपल्या उपयोगाची ठरते ती येथेच. चौकट रिकामी ठेवा आणि शब्द मुलांना आणू द्या. वऱ्हाडातील मुले ‘वावर’ आणतील, ‘डवरा’ आणतील, ‘सरकी’ आणतील. ‘पऱ्हाटी’ तर हमखास येईल. मग सूत्र लिहिण्याची पाळी आपली, आणि आपण अडतो. पऱ्हाटी म्हणजे कपाशीचे उभे झाड की बोंडे वेचून झाल्यावर चुलीत सरपण म्हणून जाणारी वाळकी काडी? दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ काढून पाहावा लागतो, आणि तेवढ्याने भागत नाही तेव्हा शेतावर जाणाऱ्या आजीला विचारावे लागते. ‘आधी पांढरे सोने देते, मग चुलीत जाते (३)’ असे काही सूत्र जमले की ते वर्गात वाचून दाखवावे. ज्या मुलाने तो शब्द आणला त्याचा चेहरा त्या वेळी पाहण्यासारखा असतो. त्याच्या घरातला शब्द गुरुजींना सोडवावा लागला, ही गोष्ट त्याच्या लक्षात आलेली असते.

क्षेत्रीय कार्य

घरातील किंवा शेजारच्या तीन-चार मुलांना बरोबर घ्या. पाच बाय पाच घरांची रिकामी चौकट द्या आणि त्यांनी घरी वापरात असलेले निदान सहा शब्द तीत बसवावेत असे सांगा. काळी घरे कोठे ठेवायची ते त्यांनाच ठरवू द्या. शब्द त्यांनी लिहिले तसेच ठेवा. प्रत्येक शब्दाचा अर्थ घरातील सर्वांत वयस्क व्यक्तीला विचारून टिपून घ्या, नंतर कोशात पाहा. दोन्ही अर्थांत फरक असल्यास तो नोंदवा. त्यानंतर त्या शब्दांची शोधसूत्रे लिहून तीच चौकट दुसऱ्या गावातील, शक्य झाल्यास वऱ्हाडाबाहेरील एखाद्या मुलाकडून सोडवून घ्या आणि ते कोणत्या घरापाशी अडले, तेथे त्याने कोणते अक्षर लिहिले, हे त्याने खोडलेल्या अक्षरांसह वहीत उतरवून घ्या.